ठराव क्रमांक ११ मधला ‘इतर’ : कारखान्याच्या संचालक मंडळाला एका सभासदाचं खुलं पत्र

मा. अध्यक्षसाहेब, संचालक मंडळ आणि सभासद बंधू-भगिनींनो,

स. न. वि. वि.

वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल गेल्या मंगळवारी घरी आला. मी तो दरवर्षी मागून वाचतो. पुढची पानं फोटोंची असतात. ज्यांचे फोटो आहेत त्यांनी ती बघावीत. मागे ताळेबंद, त्याच्या आधी गाळपाचा तक्ता, त्याच्या आधी विषयपत्रिका. तिथं विषय क्रमांक ११ असा छापलाय : ‘बिगरहंगामी कालावधीत सहवीजनिर्मिती प्रकल्प बगॅस व इतर बायोमास इंधनावर चालवणेस मंजुरी देणे.’ म्हणजे हंगाम संपल्यावरही बॉयलर पेटवून वीज करायची, बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडावर, आणि ‘इतर’ जळणावर. एक ओळ. १० नंबरला लेखापरीक्षकांची नेमणूक, १२ नंबरला ऐनवेळचे विषय आणि मधोमध ही. आपल्याकडं विषय कसे मंजूर होतात ते काय सांगायचं? सचिव ‘विषय क्रमांक’ एवढंच म्हणतात, आकडा ऐकू यायच्या आत पुढच्या चार रांगा ‘मंजूऽर’ म्हणून मोकळ्या होतात. गेल्या साली सगळे विषय उरकायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ मी चहाच्या रांगेत उभा होतो.

म्हणून सभेच्या आधीच हे पत्र लिहितोय. मला त्या ओळीतल्या एकाच शब्दाबद्दल बोलायचंय. ‘इतर’.

कारखान्याचं नाव मुद्दाम घालत नाही. जिल्ह्यातल्या ज्या कारखान्याकडं मोठा बॉयलर आणि अपुरा बगॅस आहे, त्या प्रत्येकाच्या विषयपत्रिकेत आज ना उद्या ही ओळ येणार आहे. वाचणाऱ्यानं आपापल्या कारखान्याचं नाव घालून वाचावं.

माझी ओळख थोडक्यात. पन्हाळ्याच्या पायथ्याला पावणेदोन एकर ऊस आहे. वडिलांचा शेअर माझ्या नावावर आलाय. आणि २९ वर्षं बॉयलर हाऊसला काढून फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट म्हणून रिटायर झालोय. त्याही आधी आमचे आजोबा गुऱ्हाळावर जळव्या होते. गुळव्याला मान असतो, त्याचं नाव गावात घेतात. चुलवाणाच्या तोंडाशी बसून दिवसभर चिपाडं आत सारणारा जळव्या कुणाच्या लक्षात राहत नाही. आजोबांच्या भुवया कायम जळालेल्या असायच्या. ते एक गोष्ट नेहमी सांगायचे : ज्या गुऱ्हाळाला बाहेरून जळण आणायला लागतं, त्याचा गुळव्या तरी कच्चा असतो, नाहीतर चुलवाण तरी फुटकं असतं. रस काढून जे चिपाड उरतं, तेवढ्यावर तो रस शिजलाच पाहिजे, असा त्यांचा हिशोब.

आता एप्रिलमधली गोष्ट. हंगाम संपून तीन आठवडे झाले होते आणि आपण सहा दिवसांची ‘चाचणी’ घेतली. सभासदांना कळवलं नव्हतं, पण चिमणीचा धूर काय लपतो? मी माझ्या जुन्या खात्यातल्या पोरांना भेटायला म्हणून गेलो. बगॅस यार्डाच्या मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात लाकडाचा ढीग होता, दोन मजली घराएवढा. एका बाजूला चिपर चालू होता. पुढून ओंडका घालायचा, मागून ढलप्यांचा फवारा. त्याचा आवाज असा की माणसं खुणेनं बोलत होती.

ढिगात नीलगिरी होती, सुबाभूळ होती, ऑस्ट्रेलियन बाभूळ होती. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती लावलीच तोडण्यासाठी जातात. पण त्यांच्या खाली सुसरीच्या पाठीसारख्या सालीचे जाड ओंडके होते. ऐनाचं झाड ओळखायला वनखात्यातला माणूस लागत नाही. त्याच्या शेजारी जांभूळ. आणि एका फांद्याच्या बेचक्यात, नुकताच कापलेला, पिवळाधमक गाभा. फणसाशिवाय इतका पिवळा गाभा आपल्याकडं दुसऱ्या कशाचा असतो मला माहीत नाही. मी बोट फिरवलं तर चीक लागला. झाड तोडून दोन दिवसही झाले नसतील.

१९६४ च्या राज्याच्या झाडतोड नियमनाच्या कायद्यात १६ प्रकारच्या झाडांची अनुसूची आहे. ती खासगी मालकीच्या जागेतली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ऐन त्यात आहे, जांभूळ त्यात आहे, फणस त्यात आहे. आंबा, हिरडा, किंजळ, बिजा, खैर, मोह, चिंच हेही आहेत. परवानगी नव्हती असं मी म्हणत नाही. असेलही. मी काट्यावर गेलो आणि काट्यावरच्या पोराला म्हटलं, बाबा, लाकडाच्या गाडीची पावती दाखव. त्यानं दाखवली. गाडी नंबर, पुरवठादार, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. मालाचा प्रकार : ‘बायोमास’. झाड कुठलं, गट नंबर कुठला, गाव कुठलं, परवान्याचा आकडा किती, यातलं काहीच नाही. उसाची पावती असती तर त्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव, गट, जात, लागणीचा की खोडवा, तोडणीची टोळी कुठली, सगळं असतं. बारा महिन्यांच्या उसाची आपण एवढी कुंडली मांडतो आणि पन्नास वर्षांच्या झाडाला एक शब्द, तोही इंग्रजी.

चिपरमधून गेल्यावर तर विषयच मिटतो. ढलप्यांच्या ढिगात ऐन कुठला आणि नीलगिरी कुठली, हे सांगायला ब्रह्मदेव आला पाहिजे. म्हणून म्हणतो, ‘इतर’ हा शब्द साधा नाही, त्याच्या पोटात एक अख्खा चिपर बसलाय.

आता हिशोब करू. आकडे माझे नाहीत. केंद्रीय वीज नियामक आयोग बायोमास प्रकल्पाचा दर ठरवताना साध्या ट्रॅव्हलिंग ग्रेटच्या, म्हणजे सरकत्या जाळीच्या, बॉयलरला एका युनिटमागे ४,२०० किलोकॅलरी उष्णता लागते असं धरतो, आणि एक किलो जळणात ३,१०० किलोकॅलरी. भागाकार केला की युनिटला सुमारे १.३५ किलो लाकूड येतं. चाचणीच्या वेळी आपले इंजिनिअर म्हणत होते की बिगरहंगामात १० मेगावॉटवर मे ते ऑगस्ट असे १२० दिवस चालवायचा विचार आहे. १० मेगावॉट म्हणजे दिवसाला २ लाख ४० हजार युनिट. त्याला लागणारं लाकूड ३२४ टन. रोज. दहा टनांची गाडी धरली तर दिवसाला ३२ गाड्या, म्हणजे रात्रंदिवस पाऊण तासाला एक. चार महिन्यांचं मिळून ३९ हजार टनांच्या आसपास.

एवढी नीलगिरी आपल्या पंचक्रोशीत कुणी लावलीय? मी तरी बघितलेली नाही. मग ती गाडी कुठून येणार ते उघड आहे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड. आणि घाट उतरून खाली कोकणातून. करूळ घाटानं, फोंडा घाटानं रात्री वर येणाऱ्या ताडपत्री बांधलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना जास्त सांगायला नको.

इथं मला माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र लिहायचा अधिकार मला नाही.

थोरल्या मुलीच्या लग्नाच्या साली आमच्या बांधावरचा फणस मी विकला. आजोबांच्या आधीचा होता. व्यापारी स्वतःच घरी आला, झाडाला एक फेरी मारली, बुंध्याला हातानं मिठी मारून माप घेतलं आणि टनाला दीड हजार म्हणाला. परवानगीचं काय, असं मी विचारलं. ‘ते माझ्याकडं लागलं, तुम्ही सातबारा तेवढा द्या.’ मी सातबारा दिला. परवानगीचा कागद मी आजतागायत बघितलेला नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला बघायचाही नव्हता. सकाळी आठला करवत लावली, अकराला जागा साफ. मी मुद्दाम काट्यापर्यंत गेलो, कारण वजनात मारतील अशी भीती. १ टन ६२० किलो भरला. हातात दोन हजार चारशे तीस रुपये आले. आचाऱ्याच्या विसारातच ते गेले. मंडळी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की पैसे कमी पडत होते तर मला विचारायचं, पोरीच्या लग्नात फणसाची भाजी करायची सोडून फणस कुठला विकताय?

तो फणस आपल्या प्रकल्पात घातला असता तर किती वेळ चालला असता, हे मी परवा काढलं. ३२४ टनांना २४ तासांनी भागलं, मग ६० मिनिटांनी. मिनिटाला २२५ किलो. माझा फणस सात मिनिटं बारा सेकंद. ओला होता हे धरलं तर तेवढाही नाही.

यावर तुमच्यातले काहीजण म्हणतील, आणि चाचणीच्या वेळी एकानं मला तोंडावर म्हटलंही, की शेतकरी स्वखुशीनं विकतो, तुम्ही कोण सांगणारे? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आंबा-फणसाचा उतारा दरवर्षी वनमहोत्सवाला आपल्याच गेटवर लागतो. रयतेनं लेकरासारखी वाढवलेली झाडं, त्यांना हात लावू नये, वगैरे. पंतांच्या घराण्याची जहागीर गगनबावड्याची, म्हणजे ज्या डोंगरातून आता गाड्या भरायच्या आहेत तिथलीच. पण त्या मजकुराचा पुढचा भाग पाटीवर कुणी लिहीत नाही. झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं न्यावं. बळजबरी करू नये. म्हणजे दोन अटी आहेत, संतोष ही दुसरी. मी राजी होतो, अध्यक्षसाहेब. संतोष नव्हता. आणि झाड जीर्ण तर मुळीच नव्हतं. त्या उन्हाळ्यात त्याला चाळीस फणस होते.

आता उलट बाजू. ती मी टाळणार नाही, कारण मला तिचं पुरतं उत्तर सुचलेलं नाही.

मे महिन्यात शाहूवाडीकडच्या एका धनगरवाड्यावर सोयरिकीच्या निमित्तानं गेलो होतो. तिथं एका मामांशी हा विषय निघाला. मी माझं सगळं पुराण सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, पानाला चुना लावला आणि म्हणाले, “पाव्हणं, तुमच्या उसाला पाणी कुठलं हाय? आमच्या डोंगराचं. धरणात जमीन कुणाची गेली? आमची. आमास्नी ऊस न्हाई, कारखान्याचा शेर न्हाई, दिवाळीची साखर न्हाई. हाय ती चार झाडं. पोरगं दवाखान्यात पडलं तर आमी काय विकायचं? तुमी उसाचा ॲडव्हान्स उचलता, आमी झाड विकतो. तुमचं ते पीक आन् आमचं झाड म्हंजी पाप, आं?”

मी गप्प बसलो. पाप नाहीच ते. डोंगरातल्या माणसाला झाड ही बँकेतली ठेव आहे, आणि ठेव मोडायची वेळ त्याच्यावर आपण खालच्या लोकांनीच आणलेली आहे. पण एक फरक मला येताना एसटीत सुचला, आणि तो मी मामांना पुढच्या खेपेला सांगणार आहे. गरजेला एक झाड विकणं वेगळं, आणि दारात रोज ३२ गाड्यांची भूक असलेलं गिऱ्हाईक उभं राहणं वेगळं. ते गिऱ्हाईक गरज पडायची वाट बघत नाही. व्यापारी उचल देतो, आधी एक झाड, मग बांध, मग अख्खी टेकडी ठोक्यात. डोंगर एकदा बोडका झाला की मामांच्या नातवाला विकायला काय उरतं? आणि मामांना टनाला जे मिळतं आणि आपल्या गेटवर टनाला जे द्यावं लागतं, त्यातला फरक कुणाच्या खिशात जातो, हे तुम्ही आणि मी दोघंही जाणतो.

अहवालाच्या पान १४ वर ‘हरित ऊर्जा’ असं लिहिलंय, हिरव्या अक्षरात. बगॅसच्या विजेला हरित म्हणा, माझी हरकत नाही. ऊस यंदाचा, चिपाड यंदाचं, जे जळालं ते पुढच्या वर्षी उसातच पुन्हा येतं. पण त्याच नियमानं लाकूड मोजता येत नाही. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीनं, म्हणजे आयपीसीसीनं दिलेले आकडे असे आहेत : एकसारखीच उष्णता मिळवायला दगडी कोळसा जाळला तर जिथं ९४.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, तिथं लाकूड जाळून ११२ किलो निघतो. चिमणीच्या तोंडाशी लाकूड कोळशापेक्षा वाईट. तरी कागदावर ते शून्य दिसतं, कारण झाड तुटलं तिथं जंगलाच्या खात्यावर ते मांडायचं आणि विजेच्या खात्यावर मांडायचं नाही, असा हिशोबाचा रिवाज आहे. खातं बदललं, धूर तोच. झाड पुन्हा वाढेल हे खरं. माझ्या बांधावर नवा फणस लावलाय. तो कंबरेएवढा झालाय.

हे सगळं परदेशात होऊन चुकलंय. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये ड्रॅक्स नावाचं प्रचंड वीजकेंद्र आहे. ते कोळशावर चालायचं. २०१३ पासून एकेक करत त्याचे वीज करणारे चार संच लाकडाच्या पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर आणले. लाकूड कुठलं? समुद्रापलीकडचं, अमेरिका आणि कॅनडातलं. ही वीज हरित म्हणून सरकारी अनुदान मिळत गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत पाचशेहून जास्त शास्त्रज्ञांनी अमेरिका, युरोप, जपान आणि दक्षिण कोरियाच्या नेत्यांना पत्र लिहून सांगितलं की विजेसाठी झाडं जाळायचं हे थांबवा. आणि २०२४ मध्ये तिथल्या वीज नियामकानं ड्रॅक्सची चौकशी संपवली, तेव्हा कॅनडातून आणलेल्या लाकडाची वर्गवारी नीट न कळवल्याबद्दल कंपनीनं अडीच कोटी पौंड भरायचं कबूल केलं. अनुदान चुकीचं लाटल्याचा पुरावा मिळाला नाही, हेही नियामकानंच म्हटलं. मी ते दडवत नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट टोचली. एवढी कंपनी, एवढे प्रमाणपत्रवाले, एवढे संगणक, आणि तरी गाडीतलं लाकूड कुठल्या प्रकारचं याची नोंद धड नाही. आपल्याकडं काट्यावर एक पोरगं आणि ‘बायोमास’ एवढा एक शब्द.

जळण म्हणून तरी हे लाकूड कसं आहे, ते बॉयलरवाला म्हणून सांगतो. मे ते ऑगस्ट म्हणालात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आपल्याकडं काय असतं? गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा याच दिवसांत. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीच असतं. वर पावसाचं. किलोभर पाण्याची वाफ करायला सहाशेच्या आसपास किलोकॅलरी जातात, आणि त्या वाफेनं टर्बाइन फिरत नाही, ती सरळ चिमणीतून जाते. ओल्या ढलप्या बॉयलरला जळण पुरवणाऱ्या फीडरमध्ये गोळा होऊन अडकतात, मग एखादं पोरगं सळई घेऊन ढोसायला जातं. माझ्या उजव्या हातावरचा डाग तसाच पडलेला आहे. म्हणजे लाकूड वाळवून ठेवायचं, तर तोड फेब्रुवारी ते मेमध्ये करायची. हे महिने म्हणजे धनेश पक्ष्याची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन पिलांवर बसलेली असते तो काळ. ढोली असलेलं झाड म्हणजे जाड बुंध्याचं, पोकळ, इमारतीला बिनकामाचं. व्यापाऱ्याच्या भाषेत : नुसतं जळण.

पैशाचंही एकदा बोलू. गेटवर लाकूड टनाला तीन हजारांनी पडलं असं धरा. युनिटमागे १.३५ किलो, म्हणजे नुसत्या जळणाचे ४ रुपये ५ पैसे. त्यावर चिपरचं डिझेल, पगार, दुरुस्ती, आणि बॉयलर व टर्बाइन स्वतःच्या चालण्याला खातात ती वीज. आणि शेतकऱ्यांसाठीच्या सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारला सौर वीज तीन रुपयांच्या आसपास मिळतेय. सूर्य रात्री नसतो आणि आषाढात तर आपल्याकडं दिवसाही नसतो, हे मला कुणी समजावू नये. मी इथंच राहतो. पण ही वीज आपण काय दरानं विकणार, किती वर्षांसाठी आणि किती पैसे सुटणार, हे अहवालात कुठं आहे? मी दोनदा वाचला. नाही.

मला वाटतं खरं कारण सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त स्टेजवरून बोलायचं नाही. गाळप क्षमता वाढवली, बॉयलर मोठा घेतला, टर्बाइन मोठं घेतलं, कर्ज मोठं झालं. क्षमता सगळ्यांनीच वाढवल्यामुळं ऊस लवकर संपतो आणि हंगाम आखडतो. टर्बाइन सात-आठ महिने झाकून ठेवलं तरी हप्ता झाकता येत नाही. यात कुणाला चोर म्हणण्यासारखं काही नाही. पण हप्ता आपण केलेला आणि फेडायचा ऐनानं, हे काही बरोबर नाही.

आणि बगॅस कुठं गेला? गेल्या दोन हंगामांत जानेवारी-फेब्रुवारीत बगॅसच्या गाड्या गेटबाहेर जाताना मी स्वतः बघितल्यात. कागद कारखान्यांकडून दर चांगला आला, विकला. ठीक आहे, दर आला तर विकावा. पण थंडीत बगॅस विकायचा आणि उन्हाळ्यात लाकूड विकत घ्यायचं, याला घरात काय म्हणतात ते तुमच्याही मंडळींना विचारा. जो उरला तो उघड्यावर. पहिल्या वळवानं वरचा हातभर थर कुजला. मी नोकरीत असताना शेड मागितली होती. अकरा वर्षं झाली, शेड अजून अंदाजपत्रकातच आहे.

आजोबांचं फुटकं चुलवाण मला इथंच आठवतं. मी रिटायर झालो तेव्हा आपल्याकडं शंभर किलो उसामागे ४८ किलो वाफ लागत होती. बॉयलिंग हाऊस, म्हणजे रस आटवून साखर करायचा विभाग, सुधारलेले कारखाने ४० च्या खाली आलेत. आपण नुसते ४० वर आलो असं धरा. रोज ५,००० टन गाळपावर ४०० टन वाफ वाचते. एक टन बगॅस साधारण सव्वादोन टन वाफ देतो, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे टनांच्या वर बगॅस शिल्लक. १२० दिवसांच्या हंगामात २१ हजार टन. बगॅसला युनिटमागे १.६ किलो धरले तर १ कोटी ३० लाख युनिट. लाकडावर जी वीज करायची म्हणताय तिच्या जवळजवळ निम्मी, एकही झाड न तोडता, आपल्याच उसातून. याला पैसे लागतात, माहीत आहे. रस आटवणारे बाष्पक बदलायला लागतील, जुन्या पाइपांवरचं उष्णतारोधक आवरण नवं करायला लागेल. बॉयलरपासून साखर शिजवायच्या पॅनपर्यंत एकदा अनवाणी चालून बघा, कुठं कुठं वाफ फुकट जाते ते पायांना कळेल.

उरलेली निम्मी कुठून, असं विचाराल. नाही मिळाली तर टर्बाइन तेवढे दिवस बंद ठेवा. नीलगिरी-सुबाभूळ शेतकऱ्यानं पडीक जमिनीवर मुद्दाम लावून, गट नंबरासकट करार करून दिली, तर तीही घ्या. पण ती उभी राहायला पाच-सात वर्षं लागतात, ढीग मात्र या एप्रिललाच लागला होता. पाचटाकडं कृपा करून बघू नका. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं हे खरं, पण ते सरीत कुजवा म्हणून आपलाच शेती विभाग पंधरा वर्षं मेळावे घेतोय, आणि आता कुठं लोक पाचट पेटवायचं थांबायला लागलेत.

हंगामी कामगारांचा मुद्दा मात्र मला डाचतो. चार महिने प्रकल्प चालला तर साठ-सत्तर पोरांना काम मिळेल. त्यातली बरीच माझ्या हाताखाली शिकलेली आहेत, आणि हे पत्र वाचून ती माझ्यावर चिडणार आहेत. त्यांना एवढंच सांगतो, की वाफ वाचवायचं काम बिगरहंगामातच करावं लागतं, आणि त्यालाही हातच लागतात.

तेव्हा माझी मागणी लांबलचक नाही. विषय ११ मधला ‘व इतर बायोमास’ हा मजकूर काढून ठराव मांडा. नुसत्या बगॅसवर प्रकल्प चालवायला मी स्वतः पहिल्या रांगेत बसून मंजूर म्हणेन. काढायचा नसेल तर ‘इतर’ म्हणजे काय त्याची झाडांच्या नावांसकट यादी ठरावात छापा, अनुसूचीतल्या १६ पैकी एकही झाड गेटच्या आत येणार नाही असं लिहून द्या, आणि काट्याच्या पावतीवर झाड, गाव, गट नंबर आणि परवाना क्रमांक असे चार रकाने वाढवा. लाकूड ओंडक्याच्या रूपातच काट्यावर यावं, ढलप्या होऊन नव्हे. एप्रिलच्या चाचणीत किती लाकूड आलं आणि कुणाकडून, ते सभेत वाचून दाखवा. आणि डोंगरातल्या चार माणसांना सभेला बोलवा. ती सभासद नाहीत, त्यांना मत देता येणार नाही, पण लाकूड त्यांचं आहे. त्यांना दहा मिनिटं माईक द्यायला कुठल्याही पोटनियमाची आडकाठी नाही, मी पोटनियम वाचलेत.

एप्रिलमध्ये यार्डातून निघताना त्या फणसाचा वीतभर तुकडा मी पिशवीत घालून आणला होता. चोरी म्हणा हवं तर. वजन पाऊण किलो, होणारी रक्कम मी रोखपालाकडं भरायला तयार आहे. तो सुकलाय, पण पिवळेपणा गेलेला नाही. सभेला तो बरोबर आणतोय. विषय ११ पुकारला की मी उभा राहीन. तो कुठल्या गाडीतला, कुठल्या गावचा आणि कुणाच्या बांधावरचा, एवढं तुमच्या रजिस्टरमधून शोधून ठेवा. आणि गेल्या वर्षीसारखा नेमक्या त्या वेळेला मागच्या रांगांचा माईक बंद पडू नये, याची कृपा करून काळजी घ्या.

कळावे,
आपलाच एक ऊस उत्पादक सभासद आणि बॉयलर हाऊसचा जुना कामगार
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर